कानांनी लिहिणारी माणसे

गणपतीला आपण विद्येची देवता म्हणतो. परंतु त्याने पत्करलेले एक काम आपण सहसा आठवत नाही. तो लेखनिक होता. व्यासांनी महाभारत सांगायचे आणि गजाननाने ते उतरून घ्यायचे असे ठरले, तेव्हा दोघांनीही एकेक अट घातली अशी कथा आहे. माझी लेखणी मध्येच थांबता कामा नये, ही गणपतीची अट. आणि अर्थ कळल्यावाचून एकही अक्षर लिहायचे नाही, ही व्यासांची. लेखनिकाच्या धंद्यातली सारी ओढाताण या दोन अटींत आली आहे. एक अट वेगाची, दुसरी अर्थाची. दोन्ही एकाच वेळी पाळणे देवाला साधले. माणसाला ते रोज साधावे लागते, आणि तेही पोटासाठी, तेव्हा काय होते, हे मी गेली काही वर्षे असोद्यात बसून पाहत आहे.

असोदा हे जळगावला लागून असलेले गाव. भरिताच्या वांग्यांसाठी ते खानदेशात प्रसिद्ध आहे आणि बहिणाबाई चौधरींचे माहेर म्हणून साऱ्या महाराष्ट्रात. या गावात माझी एक जुनी विद्यार्थिनी सून म्हणून आली. महाविद्यालयात असताना ती मराठीच्या तासाला पुढच्या बाकावर बसत असे. आता ती घरातल्या मागच्या खोलीत बसते, कानांवर हेडफोन चढवते, पायाखाली पेडल घेते आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांचे बोलणे ऐकून टंकित करते. तिच्या नोकरीचे नाव 'मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनिस्ट'. मराठीचा प्राध्यापक म्हणून मी त्याला 'वैद्यकीय श्रुतलेखनिक' असा प्रतिशब्द सुचवला. ती हसून म्हणाली, "सर, एवढे म्हणेपर्यंत माझ्या दोन ओळी लिहून होतील!" मी प्रतिशब्द मागे घेतला.

काम ऐकायला सोपे आहे. अमेरिकेतल्या एखाद्या रुग्णालयात डॉक्टर रोग्याला तपासतो आणि मग काय पाहिले, कोणते औषध दिले, शस्त्रक्रियेत काय केले, हे यंत्रात बोलून ठेवतो. तो आवाज क्षणार्धात समुद्र ओलांडून इकडे येतो. इकडचा माणूस तो ऐकून, ठराविक नमुन्यात मांडून परत पाठवतो. मध्ये एखादा तपासनीस नजर फिरवतो, शेवटी डॉक्टर स्वाक्षरी करतो आणि तो कागद रोग्याच्या दप्तरात जाऊन बसतो.

बोलून ठेवायचे आणि दुसऱ्याने उतरवायचे, ही कल्पना नवी नाही. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ बनवला. दुसऱ्याच वर्षी या यंत्राचे काय काय उपयोग होतील याची यादी त्याने प्रसिद्ध केली, तेव्हा त्यात पहिला मान गाण्याला नव्हे, पत्रे सांगण्याच्या कामाला दिला होता. पुढे मेणाच्या नळकांड्या गेल्या, फिती आल्या, फिती जाऊन संगणक आले. १९९० नंतरच्या दशकात उपग्रह आणि इंटरनेट यांच्या बळावर हे काम भारतात येऊ लागले. बंगळूर, हैदराबाद, चेन्नई, मुंबई, पुणे अशा शहरांत त्याची कार्यालये निघाली आणि हळूहळू ते घराघरांतूनही होऊ लागले. इंग्रजी जाणणारी, नेटाने बसणारी माणसे इथे होती, आणि घड्याळही सोयीचे होते. तिकडचा डॉक्टर संध्याकाळी बोलून घरी गेला, की इकडे सकाळ होते. त्याची रात्र सरेपर्यंत कागद तयार.

सोय मात्र त्याची. घाईची कामे तर तिकडच्या दिवसातच, म्हणजे इकडच्या रात्रीतच, पुरी करावी लागतात. शिवाय ते घड्याळही स्थिर नाही. अमेरिकेचा पूर्व किनारा उन्हाळ्यात आपल्यामागे साडेनऊ तास असतो आणि हिवाळ्यात साडेदहा. हा बदल नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो, म्हणजे आपल्या दिवाळीच्या आसपासच. लक्ष्मीपूजनाला अमेरिकेतल्या रुग्णालयांना सुट्टी नसते. घरात फराळाची ताटे मांडली जात असताना माझ्या विद्यार्थिनीच्या कानात कोणाच्या तरी पित्ताशयाची शस्त्रक्रिया चाललेली असते.

आता प्रत्यक्ष ऐकण्याकडे वळू. आमच्या लहानपणी शाळेत शुद्धलेखनाचा तास असे. गुरुजी प्रत्येक वाक्य दोनदा सांगत, वर्गातून फेऱ्या मारत, आणि कोणी मागे राहिले तर थांबतही. इथे गुरुजी सात समुद्रांपलीकडे आहेत, आणि त्यांना घरी जायची घाई आहे. कोणी जिना उतरताना बोलतो, कोणी तोंडात घास असताना. मागे कोठे तरी लहान मूल रडत असते, यंत्रे टिकटिकत असतात. आणि अमेरिकेतला डॉक्टर म्हणजे सिनेमात ऐकलेले इंग्रजी, असेही नाही. तो मूळचा तेलुगू असेल, फिलिपिनो असेल, कोरियन असेल, नायजेरियन असेल. प्रत्येकाची आई त्याच्या इंग्रजीतून डोकावते. माझी विद्यार्थिनी सांगते, "नवा डॉक्टर आला की पहिले आठ दिवस सासरी आल्यासारखे वाटते, सर. कोण केव्हा काय म्हणेल आणि त्याचा अर्थ काय, हे कळायला वेळ लागतो."

त्यात वैद्यकाची भाषा फसवी. 'हायपरटेन्शन' म्हणजे वाढलेला रक्तदाब आणि 'हायपोटेन्शन' म्हणजे उतरलेला. घाईत बोलणाऱ्याच्या तोंडी या दोहोंत एका श्वासाचेही अंतर राहत नाही. 'डिस्फेजिया' म्हणजे गिळता न येणे, 'डिस्फेझिया' म्हणजे बोलता न येणे. 'इलियम' हा शब्द तर दोन वेगळ्या स्पेलिंगांनी दोन अवयवांना लागतो: एक लहान आतड्याचा शेवटचा भाग, दुसरे कमरेचे हाड. उच्चार एकच. कोणता इलियम, हे कान सांगू शकत नाही. पुढचा-मागचा मजकूर समजला तरच सांगता येते. व्यासांची अट ती हीच. औषधांचे म्हणाल तर 'सेलेब्रेक्स' सांधेदुखीवर, 'सेलेक्सा' उदासीनतेच्या विकारावर आणि 'सेरेबिक्स' फेफऱ्यावर. आणि आकडे! 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांतला शेवटचा 'न' डॉक्टरने गिळला की पंधराचे पन्नास झालेच.

एका अक्षराने काय होते, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. १७७३ साली शनिवारवाड्यात 'ध'चा 'मा' झाला आणि नारायणराव पेशव्यांचा प्राण गेला, ही आख्यायिका आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. त्या कथेत निदान अक्षर बदलणाऱ्याचा हेतू होता. श्रुतलेखनात हेतू लागत नाही, एक शून्य पुरते.

तसे घडलेही आहे. २००८ साली अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात एका मधुमेही स्त्रीला रुग्णालयातून दुसऱ्या शुश्रूषागृहात हलवण्यात आले. डॉक्टरने बोलून ठेवलेला इन्सुलिनचा डोस होता ८ युनिट. कागदावर उमटले ८०. ते उतरवण्याचे काम कंत्राटाच्या साखळीतून भारतात आले होते. डॉक्टरने तो कागद वाचून सही करण्यापूर्वीच त्यावरून पुढच्या सूचना तयार झाल्या, दहापट इन्सुलिन टोचले गेले आणि ती स्त्री दगावली. डिसेंबर २०१२ मध्ये ज्यूरीने तिच्या कुटुंबाच्या बाजूने १४ कोटी डॉलरचा निवाडा दिला. चूक एकट्या लेखनिकाची नव्हती. वाचायचे होते त्यांनी वाचले नाही, थांबायचे होते तेथे कोणी थांबले नाही. पण साखळीतला पहिला कच्चा दुवा एक शून्य होते, आणि ते कोणाच्या तरी बोटांतून निघाले होते.

अशा चुका टाळण्यासाठी काही नियमही झाले. रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेतल्या 'जॉइंट कमिशन' या संस्थेने २००४ साली 'हे लिहू नका' अशी एक यादी काढली. 'युनिट' या शब्दासाठी नुसते 'यू' लिहू नका, कारण घाईच्या अक्षरात ते शून्यासारखे दिसते. '१.०' असे लिहू नका, टिंब पुसट झाले की त्याचे दहा होतात. आपल्याकडेही २०१६ साली वैद्यक परिषदेने डॉक्टरांना औषधांची नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या लिपीत लिहिण्यास बजावले. पण हे नियम लिहिणाऱ्या हातांसाठी आणि वाचणाऱ्या डोळ्यांसाठी आहेत. कानाला ऐकूच आले नाही तर काय करायचे?

त्यासाठी या धंद्यात एक जुना आणि माझ्या मते फार थोर नियम आहे. ऐकू आले नाही किंवा समजले नाही, तर ती जागा रिकामी सोडायची. ध्वनिफितीत ते नेमके कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला आले तेवढे नोंदवायचे आणि कागद वरच्या तपासनिसाकडे पाठवायचा. त्यालाही कळले नाही, तर ती जागा डॉक्टरपर्यंत रिकामीच जाते. आपल्या मनाने भरायची नाही. बरोबर असेल असे नव्वद टक्के वाटले तरी नाही.

कागदावर हा नियम एका ओळीचा आहे. रोजच्या व्यवहारात तो फार महाग पडतो. या कामाचा मोबदला पुष्कळदा ओळीवर असतो, आणि ओळ म्हणजे मोकळ्या जागा धरून ६५ अक्षरे, असे माप बहुतेक ठिकाणी रूढ आहे. एखादा अडलेला शब्द दहादा मागे-पुढे करून ऐकला, कोशात धुंडाळला, औषधांच्या यादीत शोधला आणि शेवटी सापडला नाही, तर पाऊण तास जातो आणि पदरात एकही अक्षर पडत नाही. मनाने काही तरी भरले असते तर ओळ पुरी झाली असती. वर रिकाम्या जागा फार झाल्या की तपासनीस कपाळाला आठ्या घालतो. म्हणजे न कळलेले कबूल केले तर नाराजी, आणि कबूल न करता दडपून लिहिले तर कदाचित कोणाच्या लक्षातही येणार नाही. हा मोह रोजचा आहे. तिच्याच शब्दांत सांगायचे तर, "सर, लिहायला कौशल्य लागते, रिकामे सोडायला धीर लागतो."

उद्योगात ९८ टक्के अचूकतेची भाषा नेहमी ऐकू येते. परीक्षेच्या हिशेबाने हे गुण अत्युत्तम. पण चारशे शब्दांच्या वृत्तान्तात २ टक्के म्हणजे आठ शब्द. ते आठ शब्द कोणते, यावर सारे आहे. उपपदे चुकली तर व्याकरण बिघडेल. पण 'गाठ आढळली नाही' यातला एवढासा 'नो' डॉक्टरच्या खोकल्यात बुडाला, तर एका घरावर आभाळ कोसळेल. म्हणून जाणते तपासनीस चुकांची संख्या मोजून थांबत नाहीत, त्यांचे वजनही करतात.

असोद्यात बसून हे सारे ऐकताना बहिणाबाईंची आठवण होणे अपरिहार्य आहे. १८८० साली या गावी जन्मलेल्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्या गाणी रचत, आणि त्यांचे पुत्र सोपानदेव आणि नात्यातली मंडळी ती ऐकून उतरवत. जे उतरले नाही ते हवेत गेले. १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई वारल्या, आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हा संग्रह आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह निघाला. त्यांना हयातीत छापील पुस्तक पाहता आले नाही, आणि आपल्याला आज त्या वाचता येतात त्या केवळ कोणी तरी कान देऊन लिहिले म्हणून.

मी हे वर्गात शिकवतो तेव्हा मुलांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. सोपानदेव स्वतः कवी होते, शिकलेले होते. आईची लेवा बोली पुस्तकी मराठीत 'सुधारून' घेणे त्यांना अवघड नव्हते. तसे करणाऱ्याला त्या काळी कोणी दोषही दिला नसता. पण छापलेल्या पुस्तकात बोली बोलीच राहिली. ऐकणाऱ्याने आपली विद्वत्ता मध्ये आणली नाही. कवितेत ही निष्ठा सौंदर्य राखते, वैद्यकात ती जीव राखते. दोन्हीकडे लेखनिकाचा धर्म एकच: जे ऐकले ते लिहावे, जे ऐकले नाही ते लिहू नये. हा धर्म पाळणारी आजची लेखनिक त्याच गावात मागच्या खोलीत बसलेली असते, हे मात्र गावालाही फारसे ठाऊक नसते.

घरातल्या माणसांना तरी ते कळते का? बाहेर जायचे नाही, म्हणजे बाई घरीच आहे. आणि घरीच आहे म्हणजे मोकळी आहे, असे आपले गणित असते. शेजारीण विरजण मागायला येते, कुरियरवाला हाक मारतो, मुलगा गणित अडले म्हणून दार ठोठावतो. सासूबाई भल्या, पण सून तासन्‌तास कानांत बोळे घालून कोणाशी बोलत नाही, हे त्यांना पहिले वर्षभर अपमानासारखे वाटे. वैशाखात जळगावचा पारा पंचेचाळिसापलीकडे जातो. पंखा लावावा तर त्याच्या घरघरीत डॉक्टरचा आवाज हरवतो, न लावावा तर घामाने बोटे कळफलकावरून घसरतात. वीज गेली की इन्व्हर्टरची घटका मोजत काम उरकायचे. शिवणयंत्रासारखे पायाने पेडल दाबून आवाज मागे-पुढे करायचा. त्याने पोटरी, सतत टंकून मनगट आणि एका जागी बसून पाठ, असे तिघे क्रमाने तक्रार करतात.

त्याहून अवघड तक्रार कोणापुढे मांडताच येत नाही. रोग्याची माहिती गुप्त ठेवणे हा या नोकरीचा पहिला दंडक. अमेरिकेत त्यासाठी १९९६ चा कायदा आहे, आपल्याकडेही व्यक्तिगत माहितीच्या रक्षणासाठी २०२३ साली कायदा झाला. तो हवाच. पण त्याचा एक परिणाम असा, की चार वर्षांच्या मुलाच्या मेंदूतल्या गाठीचा वृत्तान्त लिहून उठलेली बाई स्वयंपाकघरात येते आणि काही बोलू शकत नाही. दुसऱ्या दिवशी त्या मुलाची फीत दुसऱ्याच कोणाकडे जाते. पुढे काय झाले हे तिला कधीच कळत नाही. डॉक्टरला रोगी भेटतो, नातेवाईक भेटतात, कधी आभारही भेटतात. हिला फक्त आवाज भेटतो.

आणि आता या कामात यंत्राने पाऊल टाकले आहे. बोलणे ऐकून आपोआप लिहून देणारे संगणक आले. पुष्कळ ठिकाणी पहिला खर्डा यंत्रच करते आणि माणसाकडे तो तपासून दुरुस्त करण्याचे काम राहते. काम हलके झाले म्हणून ओळीचा दरही उतरतो. वस्तुतः काम हलके झालेले नसते. कोऱ्या कागदावर लिहिताना मन जागे असते. जवळजवळ बरोबर असलेला मजकूर वाचताना ते पेंगते. आणि चूक नेमकी त्या पेंगेतून निसटते.

यंत्राचा मला जाणवलेला खरा दोष वेगळाच आहे. त्याला रिकामी जागा सोडणे जमत नाही. 'व्हिस्पर' नावाच्या एका प्रसिद्ध यंत्रप्रणालीची अमेरिकेतल्या संशोधकांनी परीक्षा घेतली आणि २०२४ साली निष्कर्ष मांडले. तपासलेल्या ध्वनिखंडांपैकी सुमारे १ टक्क्यात यंत्राने कोणीही न उच्चारलेली वाक्ये लिहिली होती, आणि त्या बनावट मजकुरातला ३८ टक्के अपाय करू शकेल असा होता. हे विशेषकरून कोठे घडले? बोलणारा अडखळला, थांबला, गप्प राहिला तेथे. मेंदूच्या विकाराने ज्यांचे बोलणे तुटक झाले आहे त्यांच्या बाबतीत तर अधिकच. माणसाच्या शांततेत यंत्राने आपल्या मनचे शब्द भरले. आणि ते इतके घोटीव वाक्य असते, की वाचणाऱ्याला संशयही येऊ नये.

यंत्र नको असे मी म्हणत नाही. त्याने कष्ट वाचतात, आणि ते उद्या आजच्याहून बरे ऐकेल यात शंका नाही. पण त्याच्या शेजारी 'मला हे कळले नाही' असे म्हणणारे माणूस बसवणे, आणि तसे म्हटल्याबद्दल त्याचा दाम न कापणे, हा खर्च नव्हे. तो विमा आहे. ओळी मोजून पैसे देणाऱ्यांनी न लिहिलेल्या ओळीचेही मोल एकदा करून पाहावे.

राहता राहिले आपण, कागद हाती घेणारे. हा प्रश्न अमेरिकेतल्या रोग्यांचाच आहे असे मात्र समजू नका. आपल्या गावच्या रुग्णालयातही डॉक्टर सांगतो, दुसराच कोणी लिहितो किंवा टंकतो, आणि निघतेवेळी इंग्रजीतला डिस्चार्जचा कागद आपल्या हाती येतो. आपण तो घडी घालून पिशवीत ठेवतो, बिलाची पावती मात्र तीनदा तपासतो. यापुढे उलट करू या. तेथेच खुर्चीवर बसून औषधाचे नाव, मात्रा, दिवसातून किती वेळा आणि किती दिवस, एवढे वाचावे. दुखणे उजव्या गुडघ्याचे असेल तर कागदावर उजवाच लिहिला आहे ना, ते पाहावे. ज्या औषधाने पूर्वी अंगावर पित्त उठले होते, त्याची नोंद आहे का, ते विचारावे. जुन्या औषधाची मात्रा अचानक दुप्पट-दसपट दिसली तर संकोच न करता डॉक्टरला दाखवावी.

आणि एखाद्या कागदावर कोठे जागा रिकामी दिसली, तर काम अर्धवट केले म्हणून लिहिणाऱ्यावर रागावू नये. तो कागद घेऊन डॉक्टरकडे जावे आणि ती जागा त्याच्याकडून भरून घ्यावी. ती जेवढा वेळ रिकामी होती तेवढा वेळ कोणी तरी आपल्या जिवाची काळजी घेत होते, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे.